मस्कटेलचा वास येतो कुठून?

दार्जिलिंगच्या मस्कटेल चहाला पिकल्या द्राक्षांचा वास येतो. 'इसेन्स घातलंय' असं अनेकजण ठामपणे सांगतात. अस्सल मस्कटेलमध्ये बाहेरचं काहीही नसतं. तो वास झाडच तयार करतं, आणि त्याला कीड कारणीभूत असते.

मे-जूनमध्ये चहाला दुसऱ्यांदा पालवी फुटते, तेव्हा कोवळ्या पानांवर तुडतुडे आणि फुलकिडे येतात. आपल्या कापूस उत्पादकांना ही नावं नवी नाहीत. तुडतुडा पानात सोंड खुपसून रस शोषतो. पानाची वाढ खुंटते, कडा पिवळ्या-तपकिरी होऊन वळतात.

खरी गंमत पानाच्या आत घडते. पेशीला इजा झाली की हरितलवकाच्या पटलांमधलं लिनोलेनिक आम्ल सुटं होतं आणि विकरं (एन्झाइम) त्यापासून जॅस्मोनिक आम्ल हा इशाऱ्याचा रेणू बनवतात. एरवी संरक्षणाची जनुकं 'जॅझ' नावाच्या प्रथिनांनी दाबून ठेवलेली असतात. जॅस्मोनिक आम्ल आयसोल्युसिन या अमिनो आम्लाशी जोडलं गेलं की पेशी ही जॅझ प्रथिनं मोडून टाकते आणि जनुकं मोकळी होतात. मग लिनलूल, होट्रिएनॉल अशी सुगंधी टर्पीन संयुगं तयार होऊ लागतात. अशा वासांच्या मागावर किडींचे शत्रू येतात, हे अनेक वनस्पतींत दिसलं आहे.

यातला बराच सुगंध साखरेला बांधलेला असतो, म्हणून झाडावरच्या पानाला तो येत नाही. हे बांधलेले रेणू पेशीच्या आतल्या रिक्तिका नावाच्या पिशवीत असतात, तर बंध तोडणारं प्रायमेव्हरोसिडेज हे विकर पेशीभित्तिकेत. खुडलेलं पानही काही तास जिवंत असतं. कोमेजवताना पाणी घटतं, म्हणजे त्याच्यावर दुष्काळच येतो, आणि ते त्यालाही रासायनिक उत्तर देतं. पुढे रोलरखाली पेशी फुटतात, रेणू आणि विकर एकत्र येतात आणि वास सुटतो.

इतकं सुंदर रसायनशास्त्र असताना पाकिटांवर मात्र 'डिटॉक्स' छापतात, याचा राग येतो. रक्तातली नको असलेली द्रव्यं काढायला यकृत आणि मूत्रपिंडं आहेत, ते काम चहाचं नव्हे.

तैवानमध्ये शिन्चू भागातले शेतकरी 'ओरिएंटल ब्यूटी' या ऊलाँग चहासाठी तुडतुडे मुद्दाम येऊ देतात, त्यामुळे तिथे कीटकनाशक फवारून चालत नाही. अर्थात ताणालाही मर्यादा आहे. तुडतुडे फार झाले तर कोंबच करपतात. पाऊस लांबला तर पर्णरंध्रं मिटतात, कार्बन डायऑक्साइड आत येणं कमी होतं आणि नवी पालवी थांबते. मग खुडायला पानंच उरत नाहीत.