पोटाचा तिसरा हिस्सा आणि नमाजची पंधरा मिनिटे

रमजानच्या संध्याकाळी नागपूरच्या मोमिनपुऱ्यात खजूर, पपई, टरबूज आणि गरम भजी घेणाऱ्यांची झुंबड उडालेली असते आणि अजान होताच तीच गल्ली बघता बघता रिकामी होते. मुंबईच्या मानाने आपल्याकडे सूर्यास्ताची, म्हणजे उपवास सोडण्याची, ही वेळ सुमारे 25 मिनिटे आधी येते, कारण नागपूर सहा अंशांहून थोडे अधिक पूर्वेला आहे आणि सूर्याला एक रेखांश ओलांडायला चार मिनिटे लागतात. त्यामुळे मुंबईतले नातेवाईक घड्याळाकडे बघत असतात, तेव्हा इथला पहिला खजूर केव्हाच पोटात गेलेला असतो.

मागच्या काही वर्षांपासून एका मित्राच्या घरी मी एखाद्या दिवशी इफ्तारला जातो. त्याच्या वडिलांना आम्ही सगळे चाचा म्हणतो. दस्तरखानावर, म्हणजे जेवणासाठी अंथरलेल्या कापडावर, सात-आठ पदार्थ मांडलेले असले तरी चाचा ‘बिस्मिल्लाह’ म्हणून एकच खजूर उचलतात, तो तीन तुकड्यांत सावकाश चावतात, बी ताटलीच्या कडेला ठेवतात, पेलाभर पाणी तीन दमांत पितात आणि मगरिबच्या, म्हणजे सूर्यास्तानंतरच्या, नमाजसाठी उठतात. ते परत येतात तोवर आम्हा बाकीच्यांपुढची भज्यांची परात निम्मी झालेली असते. चाचांच्या या सवयीमागे परंपरा आहे. प्रेषित मुहंमद पैगंबर नमाजच्या आधी ताज्या खजुरांनी, ते नसतील तर सुक्या खजुरांनी आणि तेही नसतील तर पाण्याच्या काही घोटांनी उपवास सोडत, असे त्यांचे सेवक अनस यांनी सांगितलेले आहे.

आहाराविषयीच्या इस्लामी शिकवणीतले सर्वांत परिचित वचन मिकदाम या सहाबींच्या, म्हणजे पैगंबरांच्या सोबत्याच्या, नावे तिर्मिजींच्या हदीससंग्रहात (पैगंबरांच्या वचनांच्या आणि आचरणाच्या नोंदींत) आहे. माणसाने पोटापेक्षा वाईट असे दुसरे कोणतेही भांडे भरलेले नाही, पाठ ताठ राहील एवढे चार घास त्याला पुरतात, आणि त्याहून जास्त खाणे भागच असेल तर एक तृतीयांश जागा अन्नाला, एक तृतीयांश पाण्याला आणि एक तृतीयांश श्वासाला द्यावी, असा त्याचा आशय आहे. कुरआनात सातव्या सूरहच्या (अध्यायाच्या) 31व्या आयतीत ‘खा, प्या, पण अतिरेक करू नका’ अशी आज्ञा आहे. या वचनांना ‘आधुनिक विज्ञानाचा पुरावा’ म्हणून मिरवण्याची जी रीत पडली आहे, ती मला पटत नाही. ही वचने संयमाविषयी आहेत आणि त्यांना प्रयोगशाळेच्या शिक्क्याची गरज नाही. मात्र संयम साधताना शरीर कुठे मदत करते आणि कुठे फसवते, हे विज्ञान नेमके सांगू शकते.

रिकामे जठर जेमतेम मूठभर असते आणि त्याची पोकळी शंभर मिलिलिटरही भरत नाही. अन्न येऊ लागले की त्याच्या वरच्या भागाचे स्नायू सैल पडतात आणि आतला दाब फारसा न वाढता जठर लिटरभर अन्न सामावून घेते. म्हणजे पोटाचा ‘तिसरा हिस्सा’ मोजायला आत कोणतीही रेघ आखलेली नाही, कारण भांडेच आपला आकार बदलते. भित्तीतले ताण ओळखणारे चेतातंतू पोट आणि मेंदू यांना जोडणाऱ्या व्हेगस चेतेमार्फत मेंदूच्या तळाशी निरोप पाठवतात, पण त्या एका निरोपावर जेवण थांबत नाही. अन्न लहान आतड्यात उतरले की तिथल्या पेशी कोलेसिस्टोकायनिन हे संप्रेरक सोडतात. त्याच्याही पुढे, आतड्याच्या शेवटाकडे, जीएलपी-1 आणि पीवायवाय ही संप्रेरके अधिक प्रमाणात तयार होतात, जठर रिकामे होण्याचा वेग मंदावतो आणि भूक ओसरते. वजन कमी करण्याच्या ज्या इंजेक्शनांची सध्या चर्चा आहे, ती जीएलपी-1 चीच नक्कल करतात. उलट बाजूने भुकेची वर्दी देणारे घ्रेलिन हे संप्रेरक, जे जपानी संशोधकांनी 1999 मध्ये शोधून काढले, जेवण सुरू झाल्यावर हळूहळू खाली येते. हा सगळा निरोपांचा प्रवास पूर्ण होऊन ‘आता पुरे’ असे वाटायला साधारण पंधरा-वीस मिनिटे लागतात, आणि दिवसभराच्या उपवासानंतर तेवढ्या वेळात माणूस हवे तेवढे भजे खाऊन मोकळा होतो.

चाचांची नमाज नेमकी या जागी येते. खजुरातले ग्लुकोज आणि फ्रुक्टोज रक्तात लवकर पोहोचू लागतात, पाणी तहान भागवते, आणि मुख्य जेवणाआधी दहा-पंधरा मिनिटांचा अवकाश आपोआप मिळतो. सुक्या खजुराच्या वजनाचा साठ टक्क्यांहून अधिक भाग साखरच असली, तरी त्यातल्या तंतूंमुळे अनेक जातींचा ग्लायसेमिक निर्देशांक (खाल्ल्यावर रक्तातली साखर किती वाढते याचे माप) 45 ते 55 च्या आसपास, म्हणजे कमीच, भरतो. अर्थात हा हिशेब एक-दोन खजुरांचा आहे. पावभर खजुरांना तो लागू होत नाही आणि त्यावर ओतलेल्या गुलाबी सरबताला तर मुळीच नाही.

सजगपणे खाण्याचे आजचे प्रशिक्षण अनेकदा एका मनुक्यापासून सुरू होते. जॉन कबात-झिन यांनी 1979 मध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात सुरू केलेल्या उपक्रमात एकच मनुका हातात घेऊन तो पाहणे, हुंगणे आणि मग अतिशय सावकाश चावणे हा अभ्यास असतो. चाचांना हे सांगितले तेव्हा ते म्हणाले, ‘‘दिवसभर काही खाल्लं नसेल तर खजूर हळूच खाल्ला जातो, शिकवावं लागत नाही.’’ यावर माझ्याकडे उत्तर नव्हते.

‘आपल्या समोरचे खा’ ही शिकवणही इथे आठवते. ताटात हात इकडेतिकडे फिरवणाऱ्या उमर बिन अबी सलमा या मुलाला पैगंबरांनी अल्लाहचे नाव घ्यायला, उजव्या हाताने आणि आपल्या जवळचे खायला सांगितले होते. त्यामागचा हेतू शिष्टाचाराचा आहे; पण एकाच चवीचा पदार्थ खाताना त्याची गोडी कमी होत जाते आणि नवी चव समोर आली की भूक पुन्हा जागी होते, हेही तितकेच खरे. लग्नाच्या पंगतीत पोट भरल्यावरही गुलाबजामला जागा सापडते ती याच कारणाने.

पाण्याच्या तिसऱ्या हिश्श्याबाबत मात्र थोडा सावध विचार करावा लागतो. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठात बार्बरा रोल्स यांनी 1999 मध्ये केलेल्या एका प्रयोगात काही स्त्रियांना जेवणाआधी चिकन आणि भाताचा पदार्थ दिला, दुसऱ्या वेळी त्याबरोबर पेलाभर पाणी दिले आणि तिसऱ्या वेळी तेच पाणी त्याच पदार्थात घालून सूप केले. सूप प्यायलेल्या स्त्रियांनी पुढच्या जेवणात सुमारे शंभर कॅलरी कमी खाल्ल्या. पेल्यातल्या पाण्याने फरक पडला नाही, कारण साधे पाणी जठरातून लवकर पुढे सरकते. म्हणून शोरबा, पातळ डाळ, टरबूज, काकडी यांच्या पोटातले पाणी अधिक कामाचे. अरबस्तानात पैगंबरांच्या काळी थरीद, म्हणजे रश्शात भिजवलेली भाकर, मानाचा पदार्थ समजली जाई. आपल्याकडे रश्शात भाकर कुस्करून खाणाऱ्याला हे वेगळे सांगायला नको, फक्त सावजी रश्श्यावर तरंगणारा तेलाचा थर या हिशेबात धरू नये.

श्वासाचा हिस्सा मला सर्वांत शब्दशः पटतो. ठासून भरलेले जठर श्वासपटलाला वर ढकलते, शिवाय ताणलेल्या जठराच्या तोंडाची झडप वारंवार सैल पडते आणि आम्ल अन्ननलिकेत चढते. सेहरीला, म्हणजे उपवासाआधीच्या पहाटेच्या जेवणाला, पोटभर खाऊन लगेच आडवे होणाऱ्यांची जळजळ तिथूनच येते.

मधुमेह असलेल्यांसाठी हा विषय निराळा आहे. 13 देशांत झालेल्या एपिडायर या अभ्यासात रमजानमध्ये रक्तशर्करा धोकादायक पातळीला घसरण्याचे प्रमाण दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहात साडेसात पटींनी वाढलेले आढळले. 2018 आणि 2019 मध्ये रमजान मे महिन्यातल्या नागपुरात आला होता. चौदा तासांहून मोठा उपवास आणि 45 अंशांच्या घरातला पारा यांत निर्जलीकरणाची भर पडली. आजाऱ्याला आणि प्रवाशाला कुरआनानेच सवलत दिलेली आहे, आणि बोट टोचून साखर तपासल्याने रोजा तुटत नाही असे बहुतेक उलेमा, म्हणजे धर्मपंडित, मानतात. औषधांच्या वेळा मात्र रमजान सुरू होण्याआधीच डॉक्टरांकडून ठरवून घ्याव्या लागतात.

गेल्या रमजानला चाचांच्या घरी भज्यांची परात नमाज झाल्यानंतरच दस्तरखानावर येऊ लागली. पहिले दोन-तीन दिवस पोरांनी कुरकुर केली. दुसऱ्या आठवड्यात परातीत भजी उरू लागली तेव्हा भाभींनी बेसन निम्म्यावर आणले.