शोभेचे पाम : संकुलाच्या आवारापासून गच्चीतल्या कुंडीपर्यंतची पार्श्वभूमी

मुंबई, ठाणे आणि पुणे येथील गृहसंकुलांत आज ओळीने उभे दिसणारे पाम बहुतेक ठिकाणी बागेपेक्षा वाहनतळाच्या सोयीने निवडले गेले आहेत. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत गाड्यांची व्यवस्था खालच्या मजल्यांवर करून त्यांच्या छतावर बगीचा करण्याची पद्धत रुळली आणि झाडांच्या वाट्याला स्लॅबवरची जेमतेम मीटर-दीड मीटर माती आली. वड, पिंपळ किंवा पर्जन्यवृक्ष यांची मुळे वर्षागणिक जाड होत जातात व जलरोधक थराला त्यांचे भय असते. पामला मात्र सोटमूळ नसते, बुंध्याच्या तळातून दोरीसारख्या मुळ्या फुटतात आणि त्या पुढे जाड होत नाहीत. त्यामुळेच पूर्ण वाढीचा पामही मातीच्या तुलनेने लहान गड्ड्यासह काढून, आंध्रातील कडियमसारख्या रोपवाटिकांच्या पट्ट्यातून ट्रकने आणून, क्रेनने जागेवर उतरवता येतो. सदनिकेचा ताबा देण्याच्या दिवशीच आवार भरलेले दिसावे, ही गरज दुसऱ्या कोणत्या झाडाने इतक्या बिनतक्रार भागवली नसती.

त्याआधीचा इतिहास बराच मागे जातो. लंडनजवळच्या क्यू उद्यानातले लोखंड आणि काचेचे पामगृह १८४८ मध्ये पूर्ण झाले, त्यानंतर दिवाणखान्यात कुंडीतला पाम ठेवणे इंग्लंडमध्ये प्रतिष्ठेचे झाले आणि ती हौस वसाहतींच्या शहरांतही उतरली. भायखळ्याची राणीची बाग १८६२ साली खुली झाली. हिंदुस्थान आणि सिलोनमधील देशी व बाहेरून आणलेल्या पामांची नोंद करणारा मोठा ग्रंथ १९२६ मध्ये निघाला, तो मुंबईतल्या एका महाविद्यालयाच्या प्राध्यापकाचा होता. म्हणजे माहितीची उणीव कधीच नव्हती. पर्याय मात्र उत्तरोत्तर चार-पाच जातींवर आले. त्यांतला फॉक्सटेल पाम तर अगदी अलीकडचा आहे. उत्तर ऑस्ट्रेलियाच्या केप मेलव्हिल भागातला हा पाम १९७०च्या दशकाच्या अखेरीपर्यंत वनस्पतिशास्त्राला अपरिचित होता. त्याला १९८३ मध्ये शास्त्रीय नाव मिळाले आणि पुढच्या दशकात बियांच्या चोरट्या व्यापारातून तो जगभर पसरला.

खरा वाद मात्र पामला ‘झाड’ म्हणून मोजावे की नाही, याचा आहे. राज्याच्या नागरी वृक्षसंरक्षण कायद्यात २०२१ साली झालेल्या दुरुस्तीने तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी झाडे लावण्याचे तत्त्व आले. वृक्षप्रेमींचा जुना आक्षेप असा, की हिशेब झाडांच्या संख्येत मांडला, तर चाळीस वर्षांच्या शिरिषाच्या बदल्यात चाळीस रॉयल पामही कागदोपत्री चालून जातील. रॉयल पाम म्हणजे ज्याला आपल्याकडे सर्रास ‘बॉटल पाम’ म्हणतात, तो क्यूबाकडचा उंच, करड्या खोडाचा पाम. त्याच्या माथ्यावर पंधराएक पाने असतात आणि भर दुपारी त्याची सावली एका बाकालाही पुरत नाही. उलट बाजूचे म्हणणेही पोकळ नाही: पामच्या मुळांनी फरसबंदी उचलली जात नाही, फांद्या नसल्याने दिवे आणि तारा झाकल्या जात नाहीत, आणि अरुंद दुभाजकात मोठा वृक्ष धड वाढतही नाही. तरीही ही बाजू पालिकांच्या सोयीची आहे, पादचाऱ्याच्या नव्हे. शिवाय रॉयल पामचे वाळलेले पान आपोआप गळते. तीन-चार मीटर लांबीचे ते पान खाली उभ्या गाडीवर पडले, की सोयीचा हिशेब बदलतो.

पामसाठीच ओळखल्या जाणाऱ्या शहरांनी या प्रश्नावर आपल्या आधी भूमिका घेतली. लॉस एंजेलिसने २००६ मध्ये मरणाऱ्या पामांच्या जागी मुख्यतः सावलीचे वृक्ष लावण्याचे ठरवले. मायामी बीचने २०२० च्या आराखड्यात शहरातल्या झाडांमधील पामचे निम्म्याहून अधिक असलेले प्रमाण २०५० पर्यंत २५ टक्क्यांवर आणण्याचे उद्दिष्ट ठेवले. आपल्याकडे हा विचार अजून तक्रारअर्जांच्या पातळीवरच आहे.

कुंडीतल्या पामची गोष्ट वेगळ्या वाटेने गेली. १९८९ मध्ये अमेरिकेच्या अंतराळ संस्थेने बंद पेट्यांत केलेल्या प्रयोगांवरून ‘हवा शुद्ध करणारी झाडे’ ही कल्पना फोफावली आणि मादागास्करच्या अरेका पामला भारतात तिचा सर्वाधिक लाभ झाला. खऱ्या खोल्यांत असा परिणाम मिळवायला दर चौरस मीटरला किमान दहा आणि कदाचित शेकडो झाडे लागतील, असे २०१९ च्या एका आढाव्यात दाखवले गेले, पण तोवर विक्रीचे वाक्य पक्के झाले होते. गॅलरीसाठी निवड करताना त्याहून उपयोगी गोष्ट म्हणजे पामच्या वाढीची रीत. एकाच खोडाच्या पामला वाढीचा एकच कोंब असतो आणि शेंडा छाटला की झाड मरते. म्हणून फॉक्सटेल किंवा रॉयल पाम कुंडीत फार तर काही वर्षे राहतो. अरेका आणि रॅपिस (पंख्यासारख्या पानांचा बुटका ‘लेडी पाम’) बेटाने वाढतात, त्यांचे जुने खोड तळाशी कापून आकार आवरता येतो. रॅपिस सावलीत टिकतो, मात्र पश्चिमेच्या उन्हात त्याची पाने करपतात. अरेकाची कुंडी भरगच्च दिसावी म्हणून रोपवाटिकेत एकत्र लावलेली बरीच रोपे पुढे एकमेकांचा जीव घेतात, हे विकत घेतानाच पाहावे.

कोकणातल्या बागायतदारांना या व्यापाराची दुसरी बाजूही दिसते. नारळावर येणारे सोंड्या भुंगा आणि गेंड्या भुंगा शोभेच्या पामांवरही पोसले जातात. सोंड्या भुंगा मुळात दक्षिण आशियातला; शोभेच्या आणि खजुराच्या पामांच्या वाहतुकीतून तो १९९०च्या दशकात स्पेनमध्ये पोहोचला आणि भूमध्य समुद्राभोवतीच्या हजारो पामांचा त्याने फडशा पाडला. उलट दिशेने, अमेरिका खंडातली, पानांतला रस शोषणारी रुगोज पांढरी माशी २०१६ मध्ये तमिळनाडूतील पोल्लाचीला प्रथम आढळली आणि पुढे नारळाच्या इतर पट्ट्यांत पसरली.

देशी पामांपैकी भेरली माड सार्वजनिक उद्यानांत ‘फिशटेल’ या नावाने वावरतो, पण तो एकदाच फुलोऱ्याला येऊन मरत असल्याने संकुलांना नको असतो. ओढ्याकाठच्या शिंदीला तर कुंपणापलीकडे स्थान नव्हते. तीच शिंदी फ्लोरिडात ‘सिल्व्हेस्टर’ या नावाने महागड्या आवारांत लावली जाते, आणि आता इथल्या रिसॉर्टसाठीही बांधावरून उपटून नेली जाऊ लागली आहे.