अ गेम ऑफ थ्रोन्स

अमेरिकन लेखक जॉर्ज आर. आर. मार्टिन (जन्म : २० सप्टेंबर १९४८) यांची इंग्रजी अद्भुतरम्य कादंबरी आणि ‘अ साँग ऑफ आइस अँड फायर’ या मालिकेचा पहिला खंड. ऑगस्ट १९९६ मध्ये ती अमेरिकेत बँटम स्पेक्ट्राने आणि ब्रिटनमध्ये हार्परकॉलिन्सच्या व्हॉयेजर शाखेने प्रसिद्ध केली. वेस्टेरॉस या काल्पनिक भूमीवर राजाच्या मृत्यूनंतर वारसाहक्कावरून पेटलेले युद्ध हा तिचा विषय. ड्रॅगन आणि चालती प्रेते कादंबरीत आहेत, पण ती कडेकडेने. सुमारे सातशे पानांतली बहुतेक पाने लग्नसंबंध, ओलीस, औरस-अनौरस संतती, मांडलिकांचे रुसवेफुगवे आणि दरबारी कारस्थाने यांनी व्यापली आहेत, आणि वाचकाला धरून ठेवतात तीही हीच पाने.

पार्श्वभूमी

वेस्टेरॉसमधल्या सात राज्यांपैकी सहा राज्ये सुमारे तीनशे वर्षांपूर्वी एगॉन टार्गेरियनने ड्रॅगनच्या बळावर एका छत्राखाली आणली. हरलेल्यांच्या तलवारी वितळवून त्याने लोखंडी सिंहासन घडवले. पुढे ड्रॅगन नामशेष झाले, घराणे मात्र टिकले. कथा सुरू होण्याच्या सुमारे पंधरा वर्षे आधी रॉबर्ट बॅराथियनने बंड करून शेवटच्या टार्गेरियन राजाला पदच्युत केले. या बंडात त्याला उत्तरेच्या स्टार्क घराण्याची साथ होती, आणि पारडे कुठे झुकते ते पाहत बसलेले धनाढ्य लॅनिस्टर अगदी शेवटी येऊन मिळाले. कादंबरीतले जवळजवळ प्रत्येक वैर या जुन्या बंडाशी कुठेतरी जोडलेले आहे.

इथले ऋतू वर्षानुवर्षे चालतात. कथेच्या आरंभी उन्हाळ्याचे नववे वर्ष चालू आहे आणि सात वर्षांच्या ब्रॅन स्टार्कने हिवाळा पाहिलेलाच नाही. उत्तर सीमेवर सुमारे ३०० मैल लांब आणि ७०० फूट उंच अशी बर्फाची भिंत आहे. तिच्यावर ‘नाइट्स वॉच’ हे व्रतस्थ पथक पहारा देते. एके काळी मानाचे असलेले हे पथक आता चोर, दरोडेखोर आणि घरात जागा नसलेल्या अनौरस मुलांवर चालते.

कथानक

कादंबरीला तीन धागे आहेत. पहिला आणि सर्वांत जाड धागा उत्तरेतल्या विंटरफेल गडाच्या एडार्ड ऊर्फ नेड स्टार्कचा. राजाचा ‘हँड’ म्हणजे मुख्य कारभारी जॉन अॅरिन अचानक मरतो आणि रॉबर्ट ती जागा आपल्या जुन्या मित्राला, नेडला देऊ करतो. अॅरिनवर विषप्रयोग झाल्याचा संशय असल्यामुळे नेड मनाविरुद्ध दक्षिणेला जातो. त्याआधीच विंटरफेलच्या एका पडक्या बुरुजावर चढलेला ब्रॅन रॉबर्टची लॅनिस्टर राणी सर्सी आणि तिचा जुळा भाऊ जेमी यांना एकत्र पाहतो, आणि जेमी त्याला खाली ढकलून देतो. सारे निवेदन मुलाच्या नजरेतून असल्याने आपण काय पाहिले ते ब्रॅनला कळत नाही. वाचकाला कळते.

राजधानी किंग्ज लँडिंगमध्ये नेड अॅरिनच्या मागावरून चालत जातो. उलगडा होतो तो घराण्यांच्या वंशावळींच्या एका जाडजूड, रटाळ ग्रंथात. बॅराथियन आणि लॅनिस्टर यांच्यात पूर्वी जेव्हा जेव्हा लग्न झाले, तेव्हा मुले काळ्या केसांची निपजली. रॉबर्टची तिन्ही मुले मात्र सोनेरी केसांची आहेत. म्हणजे ती रॉबर्टची नव्हेत. हे कळल्यावर नेड जे करतो त्यावर वाचक आजही भांडतात. तो आधी सर्सीला गाठतो आणि राजा शिकारीहून परतण्याआत मुलांना घेऊन देश सोडायला सांगतो. मुलांचा जीव वाचावा हा हेतू. पण तयारीला वेळ मिळतो तो सर्सीला.

रानडुकराने फाडलेला रॉबर्ट मृत्युशय्येवर इच्छापत्र सांगतो आणि नेड ते लिहून घेतो. ‘माझा मुलगा जॉफ्री सज्ञान होईपर्यंत’ असे राजा म्हणतो. नेड जॉफ्रीचे नाव गाळून ‘माझा वारस’ असे लिहितो. मरणाऱ्या मित्राला सत्य सांगून दुखवायचे नाही आणि असत्य लिहायचेही नाही, म्हणून काढलेली ही पळवाट. सचोटीबद्दल ख्यात असलेल्या माणसाने केलेला हा कागदातला एवढासा बदल वाया जातो, कारण सर्सी भर दरबारात ते इच्छापत्र फाडून टाकते. शहराच्या पहारेकऱ्यांना फितवण्याचे काम नेडने ज्याच्यावर सोपवलेले असते, तो पीटर बेलिश ऊर्फ लिटलफिंगर त्याच्याच गळ्याला खंजीर लावतो. माझ्या मते कादंबरीचे मर्म याच प्रसंगात आहे. हक्क कोणाचा हे कागद ठरवतो. पण कागद कोणाच्या हाती टिकेल हे दाराशी उभे असलेले भालेकरी ठरवतात.

दुसरा धागा भिंतीवरचा. नेडचा अनौरस मुलगा म्हणून वाढलेला जॉन स्नो नाइट्स वॉचमध्ये दाखल होतो. वडील संकटात असताना शपथ मोडून पळून जावे की थांबावे, या पेचात तो सापडतो. तिसरा धागा समुद्रापलीकडच्या एसॉस खंडावरचा. पदच्युत राजाची मुले व्हिसेरिस आणि डेनेरिस तिथे परागंदा आहेत. फौज मिळावी म्हणून व्हिसेरिस बहिणीचे लग्न डोथराकी या घोडेस्वार टोळ्यांच्या सरदाराशी, खाल ड्रोगोशी लावून देतो. हा धागा बाकीच्या कथेला या खंडात प्रत्यक्ष कुठेच मिळत नाही. मिळतात त्या फक्त बातम्या आणि एक मारेकरी.

शेवटी नेडचा शिरच्छेद होतो, त्याचा मुलगा रॉब याला मांडलिक सरदार उत्तरेचा राजा म्हणून घोषित करतात आणि जेमी त्याच्या कैदेत पडतो. पतीच्या चितेत प्रवेश केलेली डेनेरिस तीन जिवंत ड्रॅगनची पिल्ले घेऊन बाहेर येते.

निवेदनाची रीत

प्रस्तावनेचे प्रकरण धरून कादंबरीत ७३ प्रकरणे आहेत. प्रस्तावना सोडली तर प्रत्येक प्रकरणाला शीर्षक म्हणून केवळ एका पात्राचे नाव आहे, आणि ते प्रकरण त्या पात्राला जेवढे दिसते व समजते तेवढ्यावरच चालते. अशी आठ पात्रे आहेत : नेड, त्याची पत्नी कॅटलिन, मुले सान्सा, आर्या आणि ब्रॅन, तसेच जॉन, डेनेरिस आणि राणीचा बुटका भाऊ टिरियन लॅनिस्टर. आठांपैकी सहा विंटरफेलचे. त्यामुळे वाचक नकळत स्टार्कांच्या बाजूचा होतो. टिरियनची प्रकरणे नसती तर लॅनिस्टर निव्वळ खलनायक ठरले असते.

या रीतीचा खरा उपयोग पहिल्या काही पानांतच दिसतो. प्रस्तावनेत भिंतीपलीकडच्या रानात पहारेकऱ्यांवर ‘अदर्स’ ही बर्फाळ, अमानुष जमात हल्ला करते. त्यातून वाचलेला म्हातारा गॅरेड पळतो, पकडला जातो आणि पुढच्याच प्रकरणात पळपुटा म्हणून नेडसमोर आणला जातो. शिक्षा सुनावणाऱ्यानेच तलवार चालवावी या घराण्याच्या रिवाजानुसार नेड स्वतः त्याचे डोके उडवतो. तो न्यायाने वागतो, मुलाला चार चांगल्या गोष्टी शिकवतो आणि आपल्याला मिळालेली सर्वांत महत्त्वाची साक्ष स्वतःच्या हाताने मिटवून टाकतो.

नेडच्या वाट्याला सर्वाधिक, म्हणजे १५ प्रकरणे आहेत. त्यामुळे हाच नायक आणि नायक वाचणारच, अशी वाचकाची खात्री असते. तुरुंगात त्याला सान्साच्या जिवाची भीती घातली जाते, तेव्हा तो नसलेला राजद्रोह कबूल करायला तयार होतो. मोबदल्यात भिंतीवर आजन्म पाठवण्याचे आश्वासन असते. बालराजा जॉफ्री ऐन वेळी ते मोडतो. हा प्रसंग मार्टिन यांनी नेडच्या नव्हे, तर गर्दीत घुसलेल्या नऊ वर्षांच्या आर्याच्या नजरेतून लिहिला आहे. जल्लादाच्या हातात वडिलांचीच ‘आइस’ ही तलवार आहे हे तिला दिसते. पुढचे दिसत नाही. नाइट्स वॉचचा योरेन तिला धरून तोंड फिरवायला लावतो. ऐकू येतो तो गर्दीने एकदम सोडलेला निःश्वास. रक्ताचा थेंबही न दाखवता लिहिलेले हे मरण या प्रकारच्या साहित्यातल्या सर्वाधिक चर्चिलेल्या प्रसंगांपैकी एक आहे. त्याचा आघात नुसत्या धक्क्याचा नाही. मागे वळून पाहिले तर नेडची प्रत्येक चूक आधीच मांडून ठेवलेली आढळते.

इतिहासाचे ऋण

मार्टिन यांनी इंग्लंडच्या ‘गुलाबांच्या युद्धां’चे (१४५५–१४८७) ऋण उघडपणे मान्य केले आहे; यॉर्क आणि लँकेस्टर या प्रतिस्पर्धी घराण्यांचा स्टार्क-लॅनिस्टर या नावांतला ध्वनी लपणारा नाही. तरुणपणी धिप्पाड योद्धा, पुढे खाण्यापिण्यात सुटलेला आणि चाळिशीत वारलेला राजा म्हणजे चौथा एडवर्ड. तो एप्रिल १४८३ मध्ये वारला, तेव्हा त्याचा मुलगा बारा वर्षांचा होता. मुलांचा संरक्षक नेमलेला काका रिचर्ड याने ती अनौरस ठरवून जुलैमध्ये स्वतःलाच राज्याभिषेक करून घेतला. मार्टिन यांनी हा डाव उलटा मांडला आहे. इथे मुले खरोखरच अनौरस आहेत, संरक्षक प्रामाणिक आहे आणि डोके जाते ते त्याचेच. फ्रेंच लेखक मोरिस द्र्युओं यांची मध्ययुगीन फ्रान्सच्या राजघराण्यावरील कादंबरीमालाही मार्टिन यांनी आपल्या प्रेरणांमध्ये सांगितली आहे.

बर्फाच्या भिंतीचे मूळ ब्रिटनमधल्या रोमन हेड्रियनच्या भिंतीत आहे. मार्टिन १९८१ मध्ये तिच्यावर उभे राहिले असता, जगाच्या टोकावर पहारा देणाऱ्या रोमन शिपायाला काय वाटत असेल, हा विचार त्यांच्या मनात आला. मूळची भिंत सुमारे पंधरा फूट उंच होती. कादंबरीतली सातशे फुटी आहे.

लेखनाचा प्रवास

कादंबरीपूर्वी मार्टिन विज्ञानकथा आणि भयकथांचे लेखक म्हणून परिचित होते. १९८३ मधली एक कादंबरी बाजारात पडल्यानंतर ते हॉलिवूडमध्ये दूरचित्रवाणीसाठी लिहू लागले. तिथे खर्चापायी लढाया आणि पात्रे सतत छाटावी लागत. कादंबरीत मात्र आपण वाटेल तेवढा विस्तार करू, ही त्यांची प्रतिक्रिया होती. १९९१ च्या उन्हाळ्यात एक विज्ञानकादंबरी लिहीत असताना उन्हाळी बर्फात सापडलेल्या लांडग्याच्या पिल्लांचे दृश्य त्यांना सुचले, आणि हातातले काम बाजूला पडले.

सुरुवातीची योजना तीन खंडांची होती. १९९३ मध्ये त्यांनी आपल्या एजंटला पाठवलेला आराखडा २०१५ मध्ये उजेडात आला. त्यात सान्साला जॉफ्रीपासून मुलगा होतो, जॉन आणि आर्या परस्परांच्या प्रेमात पडतात आणि टिरियन विंटरफेल जाळतो. यातले जवळजवळ काहीच पुढे टिकले नाही. पसारा वाढत गेल्यावर पहिल्या खंडासाठी लिहिलेला बराच मजकूर दुसऱ्या खंडात ढकलावा लागला.

स्वागत आणि आक्षेप

डेनेरिसची प्रकरणे ‘ब्लड ऑफ द ड्रॅगन’ या नावाने मासिकात स्वतंत्रपणे छापली गेली आणि १९९७ मध्ये त्यांना दीर्घकथेचा ह्यूगो पुरस्कार मिळाला. कादंबरीला त्याच वर्षी लोकस पुरस्कार मिळाला. नेब्युला आणि वर्ल्ड फँटसी पुरस्कारांसाठी तिला नामांकन होते. पहिला खप मात्र बेताचा होता. एका पुस्तकाच्या दुकानातल्या स्वाक्षरी-कार्यक्रमात हजर असलेले चौघेही उठून गेले, त्यामुळे आपली गर्दी शून्याच्याही खाली गेली, अशी आठवण मार्टिन सांगतात. ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या यादीत कादंबरी अव्वल स्थानी पोहोचली ती २०११ मध्ये, म्हणजे प्रकाशनानंतर पंधरा वर्षांनी.

आक्षेपही आहेत, आणि ते साधार आहेत. लग्नाच्या वेळी डेनेरिस तेरा वर्षांची आहे, आणि तिच्या प्रकरणांतली लैंगिक हिंसा पुढे मालिकाभर फैलावते. डोथराकींचे चित्रण तर सरळसरळ उथळ आहे. वेस्टेरॉसच्या लहानसहान सरदारालाही कुलचिन्ह, ब्रीदवाक्य आणि मनातले किल्मिष लाभते. गवताळ प्रदेशातल्या हजारोंच्या टोळीला मात्र लूट, बलात्कार आणि घोड्यांपलीकडे फारसे काही दिलेले नाही.

रूपांतरे

डेव्हिड बेनिऑफ आणि डी. बी. वाइस यांनी एचबीओसाठी केलेली ‘गेम ऑफ थ्रोन्स’ ही मालिका १७ एप्रिल २०११ पासून दाखवली गेली. तिचे दहा भागांचे पहिले पर्व याच कादंबरीवर आधारलेले असून मूळाला बरेच धरून आहे. आठवा भाग मार्टिन यांनी स्वतः लिहिला. मुलांची वये वाढवण्यात आली. कादंबरीत टिरियन ज्या लढाईत प्रत्यक्ष लढतो, तीत पडद्यावर तो सुरुवातीलाच बेशुद्ध पडतो आणि शुद्धीवर येईतो लढाई संपलेली असते. सातशे फुटी भिंत परवडली, पण दोन फौजा परवडल्या नाहीत. नेडची भूमिका शॉन बीन यांनी केली. त्याच्या मृत्यूचा नववा भाग प्रसारित झाला तेव्हा पुस्तक न वाचलेले प्रेक्षक हादरले, आणि १९९६ पासून हे ठाऊक असलेले वाचक त्यांच्या प्रतिक्रिया मजेत पाहत बसले.

ब्रिटिश नट रॉय डॉट्रिस यांनी केलेल्या या कादंबरीच्या ध्वनिमुद्रित वाचनात २२४ पात्रांना वेगवेगळे आवाज आहेत; गिनेस बुकात त्याची विक्रम म्हणून नोंद झाली. डॅनियल अब्राहम आणि टॉमी पॅटरसन यांनी तिची चित्रकथाही केली आहे.

मालिकेचे पुढचे चार खंड १९९८, २०००, २००५ आणि २०११ मध्ये आले. आराखड्यातले तीन खंड आता सात झाले असून उरलेले दोन, ‘द विंड्स ऑफ विंटर’ आणि ‘अ ड्रीम ऑफ स्प्रिंग’, यांची वाचक वाट पाहत आहेत.