छतावरच्या सोलरचं अर्थिंग: तीन खड्ड्यांमागचा इतिहास

जळगाव-धुळ्याकडे सोलर बसवायला आलेला माणूस हल्ली आधी अंगणात जागा मागतो. अर्थिंगचे तीन खड्डे घ्यायचे असतात: एक डीसी बाजूचा (पॅनलमधून येणारी एकाच दिशेची वीज), एक एसीचा (घरात वापरतो ती दिशा बदलणारी वीज), एक लाइटनिंग अरेस्टरचा, म्हणजे आकाशातली वीज झेलणाऱ्या दांड्याचा. घरमालक खड्डे मोजून घेतो, कारण त्याला तेवढंच दिसतं. वर पॅनलची फ्रेम, खालचा सांगाडा आणि अर्थची तार एकमेकांना नीट जोडलीत का, म्हणजे बाँडिंग झालंय का, हे पाहायला शिडी कोण लावणार?

खान्देशात अर्थिंग रुजलं ते विहिरीवरच्या मोटरीबरोबर. 1956 च्या भारतीय वीज नियमांनी मोटरीच्या बॉडीला दोन स्वतंत्र अर्थ जोडण्या सक्तीच्या केल्या. अर्थिंगची संहिता, आयएस 3043, 1966 मध्ये आली. पुढे 1987 आणि 2018 मध्ये ती सुधारली. शेतात त्याचं रूप साधं होतं: कोळसा-मिठाचा खड्डा, त्यात पाइप आणि उन्हाळ्यात वरून बादलीभर पाणी. (ते मीठच पाइपाला खातं, म्हणून आता बेंटोनाइट, म्हणजे ओल धरणारी माती, भरलेलं केमिकल अर्थिंग आलं.) या सगळ्यामागचा हिशेब एकच होता: फेज (वीज आणणारी जिवंत तार) बॉडीला लागला की मोठा प्रवाह जमिनीत जाईल, फ्यूज उडेल आणि धोका संपेल.

सोलरनं नेमका हाच हिशेब मोडला. 540 वॅटचं पॅनल काम करताना साधारण 13 अँपिअर देतं आणि त्याच्या दोन तारा सरळ एकमेकींना टेकवल्या तरी 14 च्या आसपासच. दोष कोणता आणि रोजचं काम कोणतं, हे फ्यूजला कळणार कसं? त्यात अशी सहा पॅनल एका माळेत जोडली की उघड्या टोकांवर 300 व्होल्टच्या घरात डीसी उभा राहतो, आणि मेन स्विच पाडला तरी ऊन असेपर्यंत तो हटत नाही. एसीचा प्रवाह सेकंदाला शंभरदा शून्यावर येतो, त्यामुळे ठिणगी विझायला वाव मिळतो. डीसीची ठिणगी एकदा धरली की जळत राहते.

हे शहाणपण जगाला आगी लागल्यावर आलं. अमेरिकेच्या वीजसंहितेत सोलरचं स्वतंत्र कलम 690 आलं 1984 मध्ये. तिथे पॅनलच्या माळेचं एक टोक इन्व्हर्टरमध्ये (डीसीचं एसी करणारं यंत्र) छोट्या फ्यूजमधून जमिनीला बांधण्याची रीत होती. त्या जमिनीला बांधलेल्याच तारेचं इन्सुलेशन गेलं, तर गळती इतकी कमी असायची की फ्यूज हलायचाही नाही. दोष गुपचूप बसून राहायचा आणि दुसरीकडे दुसरा दोष झाला की सगळा प्रवाह त्या वाटेनं वळायचा. 2009 मध्ये कॅलिफोर्नियातल्या बेकर्सफील्डला एका मोठ्या दुकानाच्या छतावर असंच झालं आणि आग लागली.

आज आपल्या घरांवर येणारे इन्व्हर्टर बहुतेक ट्रान्सफॉर्मरविना असतात आणि डीसीचं कुठलंच टोक जमिनीला बांधलेलं नसतं. असा इन्व्हर्टर रोज सकाळी सुरू होण्याआधी पॅनलच्या तारा आणि अर्थ यांच्यातलं इन्सुलेशन मोजतो. पहिल्या पावसानंतर सकाळी ‘इन्सुलेशन फॉल्ट’ दाखवून अडून बसलेला आणि दुपारी वाळल्यावर आपोआप चालू झालेला इन्व्हर्टर अनेकांनी पाहिला असेल. लोक ‘ओल आली’ म्हणून सोडून देतात. खरं तर कुठेतरी तार सोललेली असते किंवा कनेक्टरमध्ये पाणी गेलेलं असतं. पण ही तपासणी चालते ती फ्रेम अर्थला जोडलेली असेल तरच. जोडलेली नसेल, तर तार फ्रेमला लागूनही इन्व्हर्टरला सगळं आलबेल दिसतं आणि दोष सापडतो तो पॅनल पुसायला चढलेल्या माणसाच्या हाताला. छत पत्र्याचं असेल तर पत्राही त्यात आला.

फ्रेमचं ॲल्युमिनियम ॲनोडाइज केलेलं असतं, म्हणजे त्यावर ऑक्साइडचा कडक थर चढवलेला असतो, आणि तो थर वीज वाहू देत नाही. नुसता नट आवळून भागत नाही. थर फोडणारा दातेरी वॉशर किंवा अर्थिंग क्लिप लागते. उघडं तांबं थेट ॲल्युमिनियमवर कसलं, तर दोन-चार पावसाळ्यांत सांधा खाल्ला जातो.

आपल्याकडे सोलर आधी आलं ते मोठ्या प्रकल्पांतून. साक्री तालुक्यात शिवाजीनगरला महानिर्मिती या सरकारी वीजकंपनीचा 125 मेगावॅटचा प्रकल्प 2013 मध्ये उभा राहिला. घरांसाठी नेट मीटरिंगचे (उरलेली वीज ग्रिडला देऊन बिलातून वळती करण्याचे) नियम राज्यात 2015 मध्ये आले. खरी गर्दी झाली 2024 च्या पीएम सूर्यघर योजनेनंतर: तीन किलोवॅटला 78,000 रुपये अनुदान. त्याच वर्षी 10 किलोवॅटपर्यंतच्या अर्जांना तांत्रिक व्यवहार्यतेची तपासणीही उरली नाही. अर्ज वेगानं सुटू लागले हे चांगलंच झालं, पण छतावरच्या कामाची भिस्त आता जवळजवळ पूर्णपणे बसवणाऱ्यावर आहे.

तीन खड्ड्यांची अट सरकारी तांत्रिक निकषांतून रुळली. हेतू योग्य होता: अरेस्टरवर पडलेली वीज इन्व्हर्टरच्या वाटेनं जाऊ नये. मात्र तिन्ही खड्डे एकमेकांशी अजिबात न जोडता ठेवले, तर वीज पडताक्षणी एका खड्ड्याचा विजेचा दाब दुसऱ्यापेक्षा हजारो व्होल्टनी चढतो आणि तो फरक घरातल्या यंत्रांतून वाट काढतो. म्हणून वीजसंरक्षणाची आंतरराष्ट्रीय संहिता सगळे इलेक्ट्रोड (खड्ड्यांतले रॉड-पाइप) जोडून एका पातळीवर आणायला सांगते. माझ्या मते खड्ड्यांच्या संख्येपेक्षा हा जोड महत्त्वाचा, आणि बिलात नेमका तोच दिसत नाही.

राहिली माती. तापीकाठची काळी कसदार जमीन ओली असताना अर्थिंगला उत्तम. मे महिन्यात पारा 45 च्या वर गेला की तीच भेगाळते आणि रॉडपासून सुटते. सातपुड्याच्या पायथ्याला मुरूम आणि काळा पाषाण, तिथे तर मुळातच रोध, म्हणजे वीज वाहायला होणारा अडथळा, जास्त. अर्थिंगच्या रोधाचा निकष 5 ओहमच्या आतला आहे. ऑगस्टमध्ये घेतलेलं रीडिंग कागदावर सुंदर दिसतं. वळवाच्या विजा मात्र मे-जूनमध्ये येतात, म्हणून एक रीडिंग मे महिन्यात मागून घ्यावं.