डेमॉन्स्ट्रेटेड इंटरेस्ट

अर्ज करणाऱ्या विद्यार्थ्याला खरोखर आपल्याच कॉलेजात यायचे आहे का, हे त्याच्या वागण्यावरून ताडणे आणि प्रवेशाचा निर्णय घेताना ते जमेस धरणे, ही अमेरिकेतील अनेक कॉलेजांची पद्धत. मुख्यतः बारावीनंतरच्या चार वर्षांच्या पदवी अभ्यासक्रमांना ती लागू होते. मराठीत तिला रूढ शब्द नाही. ‘स्वारस्य दाखवणे’ असे म्हणता येते, पण पालक आणि समुपदेशक इंग्रजी नावच वापरतात.

या पद्धतीचे मूळ कॉलेजांच्या चिंतेत आहे. कॉमन ॲप ही सामायिक अर्जाची व्यवस्था १९७५ मध्ये १५ कॉलेजांनी सुरू केली. आज तिची सदस्यसंख्या हजाराच्या वर आहे आणि एका विद्यार्थ्याला तिच्यातून २० कॉलेजांकडे अर्ज पाठवता येतो. अर्ज करणे सोपे झाले, तसे अर्जावरून मन ओळखणे अवघड झाले. समोरची फाईल मनापासून आलेल्या मुलाची आहे की यादीतला सतरावा रकाना भरणाऱ्याची, हे गुणपत्रिका सांगत नाही. कॉलेजाला तर आधीच अंदाज बांधावा लागतो. प्रवेश देऊ केलेल्यांपैकी जितके प्रत्यक्ष येतात, त्या प्रमाणाला तिकडे ‘यील्ड’ म्हणतात. हार्वर्डमध्ये ते ८० टक्क्यांच्या वर असते, तर अनेक कॉलेजांत ३० टक्क्यांच्याही खाली. अंदाजापेक्षा कमी मुले आली तर फीवर चालणाऱ्या खासगी कॉलेजाचे अंदाजपत्रक कोलमडते. जास्त आली तर वसतिगृहात खाटा पुरत नाहीत. ‘यू. एस. न्यूज’ या नियतकालिकाच्या कॉलेज-क्रमवारीत २००३ पर्यंत यील्डही मोजले जाई, त्यामुळे त्याला प्रतिष्ठेचाही रंग चढला होता.

स्वारस्याच्या खुणा बऱ्याच आहेत : कॅम्पसला भेट, ऑनलाइन माहितीसत्राला हजेरी, शाळेत किंवा शैक्षणिक मेळ्यात आलेल्या प्रतिनिधीशी बोलणे, ऐच्छिक मुलाखत देणे, भारताचे अर्ज वाचणाऱ्या प्रवेश अधिकाऱ्याला नेमका प्रश्न विचारणे. काही कॉलेजे पाठवलेली मेल उघडली की नाही, हेही नोंदवतात. मुंबई किंवा नाशिकहून अर्ज करणाऱ्याने विमानाचे तिकीट काढून कॅम्पस पाहावा, अशी अपेक्षा सहसा नसते. ऑनलाइन सत्र त्याला पुरते.

पण खरी कसोटी लागते ती ‘आमचेच कॉलेज का?’ या छोट्या निबंधात. बहुतेक मुले इथे घसरतात. जागतिक दर्जाचे प्राध्यापक, निसर्गरम्य परिसर, विविधतेने नटलेले वातावरण ही वाक्ये कॉलेजाचे नाव बदलून कुठेही चिकटवता येतात आणि वाचणाऱ्याला ते लगेच कळते. समजा, २०१९ च्या महापुरात पंचगंगेचे पाणी घरात शिरलेले पाहिलेली कोल्हापूरची एक मुलगी आहे. तिने त्या कॉलेजातला पूररेषांच्या नकाशांवरचा एखादा विषय शोधून काढला, तो कोणत्या वर्षी घेता येतो हे पाहिले आणि त्यातून आपल्याला काय उलगडायचे आहे ते चार ओळींत लिहिले, तर त्या निबंधाला दुसरे कुठलेच नाव लावता येणार नाही. स्वारस्य म्हणजे स्तुती नव्हे. कॉलेजाबद्दल स्वतः मिळवलेली माहिती आणि स्वतःची गरज यांची गाठ जिथे पडते, तिथे ते दिसते. दर आठवड्याला ‘माझ्या अर्जाचे काय झाले?’ अशी मेल पाठवल्याने ते सिद्ध होत नाही. पालकांनी मुलाच्या नावाने लिहिलेली मेल तर बहुधा नुकसानच करते.

सर्वांत ठळक खूण म्हणजे ‘अर्ली डिसिजन’. यात विद्यार्थी एकाच कॉलेजाकडे, सहसा नोव्हेंबरमध्ये, अर्ज करतो आणि प्रवेश मिळाल्यास इतर सर्व अर्ज मागे घेण्याचे वचन देतो. महाराष्ट्रातल्या पालकांना याची कल्पना कॅप फेरीवरून चटकन येईल. तिथेही पहिल्या फेरीत पहिल्या पसंतीचे कॉलेज मिळाले की ते घ्यावे लागते, पुढच्या फेऱ्यांचा दरवाजा बंद होतो. फरक एवढाच की, कॅपमध्ये जागा सीईटीच्या गुणांवर ठरते, पसंतिक्रमामुळे कोणाची गुणवत्ता वाढत नाही. अमेरिकेत मात्र पसंती उघड करणे हेच एक वजन ठरते. ज्यांना आर्थिक मदतीची तुलना करून निर्णय घ्यायचा आहे, अशा कुटुंबांना हे वचन परवडत नाही. मदत अपुरी पडल्यास त्यातून सुटका मिळू शकते, पण चार कॉलेजांचे देकार शेजारी ठेवून पाहण्याची संधी गेलेली असते.

सगळीच कॉलेजे स्वारस्य मोजत नाहीत. हार्वर्ड, येल, एमआयटी आणि कॅलिफोर्निया विद्यापीठाचे कॅम्पस ते धरत नाहीत. येलही ‘येल का?’ असे विचारते, पण ते उत्तर विद्यार्थ्याची ओळख म्हणून वाचले जाते. कोणते कॉलेज काय करते, हे गुपित नाही : बहुतेक कॉलेजे दरवर्षी ‘कॉमन डेटा सेट’ नावाचे माहितीपत्रक प्रसिद्ध करतात आणि त्याच्या सी-७ या तक्त्यात अर्जदाराच्या स्वारस्यापुढे ‘अतिशय महत्त्वाचे’पासून ‘विचारात घेत नाही’पर्यंत चारांपैकी एक खूण असते. महागड्या सल्ल्यापूर्वी हा तक्ता पाहावा.

लीहाय विद्यापीठातील अर्थशास्त्रज्ञांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, प्रत्यक्ष भेट देणाऱ्यांची प्रवेशाची शक्यता वाढते आणि सॅट या प्रवेशपरीक्षेत जास्त गुण असलेल्यांच्या बाबतीत ती अधिक वाढते, असे आढळले. हे तर्काला धरूनच आहे. हुशार मूल दुसरीकडे जाईल, ही भीती कॉलेजाला जास्त असते. याच अभ्यासातून या पद्धतीवरचा मोठा आक्षेपही पुढे येतो. भेटीला पैसा लागतो, आणि पैसा असलेल्याचे स्वारस्य अधिक ‘दिसते’. हा आक्षेप मला पूर्णपणे मान्य आहे. जी खूण विकत घेता येते, तिला गुणवत्तेच्या शेजारी बसवणे अन्यायाचे आहे. काही कॉलेजांनी ही पद्धत याच कारणाने सोडली. विद्यार्थ्यांच्या संकेतस्थळावरील हालचालींवर कॉलेजे पाळत ठेवतात, याबद्दल ‘वॉशिंग्टन पोस्ट’ने २०१९ मध्ये सविस्तर वृत्त दिल्यावर खासगीपणाचा प्रश्नही चर्चेत आला.

स्वारस्याचा शेवटचा टप्पा प्रतीक्षायादीचा. १ मे ही जागा पक्की करण्याची रूढ तारीख उलटली की रिकाम्या जागा भरण्यासाठी कॉलेजे या यादीकडे वळतात. तेव्हा विद्यार्थी ‘जागा दिलीत तर मी येईन’ असे पत्र लिहितो. भारतातून अर्ज केलेल्याला असा देकार जूनमध्ये आला, तर त्यानंतर व्हिसासाठी कॉलेजाकडून मिळणारा आय-२० कागद, व्हिसाची मुलाखत आणि ऑगस्टचा प्रवास एवढे सगळे उरते; शिवाय दुसऱ्या कॉलेजात भरलेली अनामत रक्कम बुडते. घरात याचा हिशेब झाल्यावरच ते पत्र पाठवावे.