‘जुन्या बायनरी चालवा’ हा पर्याय कर्नलमध्ये आला कुठून?

भोसरी-चाकण पट्ट्यातल्या छोट्या वर्कशॉपना हा प्रकार नवा नाही. मशीनला जोडलेला आर्म जातीच्या प्रोसेसरचा बोर्ड जुना, त्यावर नोंदी गोळा करणारा प्रोग्राम त्याहून जुना. पुरवठादाराने कधीच गाशा गुंडाळलेला, सोर्स कोड कुणाकडेच नाही. लिनक्सचा नवा कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, चढवला की ही बायनरी, म्हणजे सोर्स कोड कंपाइल होऊन तयार झालेली फाइल, सुरू होताच कोसळते. मग कुणीतरी कर्नलच्या कॉन्फिगमध्ये, म्हणजे पर्यायांच्या यादीत, शिरून जुन्या बायनरी चालवू देणारा ‘ओएबीआय कंपॅट’ हा पर्याय शोधायला लागतो.

त्याची मुळं २००६ सालात आहेत. प्रोग्रामने कर्नलकडे काम कसं मागायचं, याचा आर्मवरचा जुना करार म्हणजे ओएबीआय. त्यात सिस्टिम कॉलचा, म्हणजे अशा मागणीचा, क्रमांक ‘एसडब्ल्यूआय’ या इन्स्ट्रक्शनच्या पोटातच लिहिलेला असे. ‘राइट’साठी हेक्समध्ये ९००००४, ‘एक्झिट’साठी ९००००१. क्रमांक कळण्यासाठी कर्नलला ती इन्स्ट्रक्शन डेटा म्हणून मेमरीतून पुन्हा वाचावी लागे, आणि हा भुर्दंड प्रत्येक कॉलला. मार्च २००६मध्ये आलेल्या २.६.१६ कर्नलने नवा करार, म्हणजे ईएबीआय, स्वीकारला. आता क्रमांक प्रोसेसरच्या आतल्या आर७ या खणात, म्हणजे रजिस्टरमध्ये, इन्स्ट्रक्शनमध्ये नुसतं शून्य. फक्त ईएबीआयसाठी कंपाइल केलेला कर्नल इन्स्ट्रक्शनकडे ढुंकूनही बघत नाही. आर७मध्ये जो कचरा पडला असेल तोच क्रमांक समजतो. बायनरी कोसळते ती त्यामुळे.

बदल एवढ्यावर थांबला नाही. ६४ बिटी संख्या आता ८ बाइटच्या सीमेवर बसू लागली, पूर्वी ४ चालत. त्यामुळे ‘ईपोल’ कॉलचं एक स्ट्रक्चर, म्हणजे डेटाची मांडणी, १२ बाइटचं १६ झालं. म्हणून कंपॅट पर्याय निवडला की अशा कॉलसाठी वेगळे दुभाषे कोड कंपाइल होतात, आणि क्रमांकासाठी मेमरी वाचणंही परत येतं. शिवाय दशांश गणितासाठी जुन्या बायनरी एफपीए या गणिती चिपच्या इन्स्ट्रक्शन वापरत. ती चिप बहुतेक बोर्डांवर कधी नव्हतीच! प्रत्येक इन्स्ट्रक्शन अडकायची आणि कर्नल तिची नक्कल करायचा. डेबियन या लिनक्स वितरणाने २००९च्या ‘लेनी’ आवृत्तीत ईएबीआयचा नवा ‘आर्मेल’ पोर्ट आणला आणि पुढच्या आवृत्तीपासून जुना सोडला.

हा पर्याय बंद ठेवण्यामागे वेगापेक्षा सुरक्षेचं कारण मला जास्त पटतं. ओएबीआय कंपॅट चालू असेल तर आर्मवर सेककॉम्पचा फिल्टर, म्हणजे प्रोग्रामला कोणते सिस्टिम कॉल करू द्यायचे हे ठरवणारी चाळणी, मिळतच नाही, कारण एकाच कामाला दोन दारं झाली की पहारा कुठे ठेवायचा? इंटेल-एएमडीच्या एक्स८६ प्रोसेसरवरही हाच अनुभव. एक्स३२ नावाचा दुय्यम एबीआय, म्हणजे असाच करार, २०१२मध्ये ३.४ कर्नलमध्ये आला, आणि त्याच्या ‘रिसीव्हएममेसेज’ कॉलमधल्या चुकीतून साध्या युजरला रूट, म्हणजे सर्वाधिकारी, होता येतं हे २०१४मध्ये उघड झालं. वापरणारे मोजके, धोका मात्र तो पर्याय चालू ठेवणाऱ्या सगळ्यांना.

हिंजवडीत सेंटओएस ६ या जुन्या लिनक्सचे कंटेनर, म्हणजे होस्टचाच कर्नल वापरणारे बंदिस्त डबे, नव्या होस्टवर चालवणाऱ्यांना १३९ हा प्रोग्राम कोसळल्याचा एक्झिट कोड ओळखीचा असेल. तिथला जुना जीलिबसी, म्हणजे प्रोग्रामांची सामायिक सी लायब्ररी, वेळ विचारायला ‘व्हीसिसकॉल’ या मेमरीतल्या पानाच्या ठरलेल्या पत्त्यावर उडी मारतो. पत्ता कायम एकच, म्हणून हल्लेखोरालाही सोयीचा. त्यामुळे काही कर्नल हे पानच बंद करून कंपाइल केलेले असतात. बूटच्या ओळीत ‘व्हीसिसकॉल=एम्युलेट’ लिहिलं की कंटेनर चालतो.

युजरचे प्रोग्राम मोडायचे नाहीत हा लिनक्सचा दंडक असल्याने असे पर्याय सहसा मरत नाहीत. बायनरी फाइलचा एल्फ फॉरमॅट नव्वदच्या दशकात रुळला, तरी त्याआधीचा ए.आउट फॉरमॅट एक्स८६मधून गेला तो थेट २०२२मध्ये. ओपनबीएसडी या दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टिमचा खाक्या उलटा: २०१४च्या ५.५मध्ये त्यांनी वेळ ६४ बिटी केली आणि सगळ्यांना नव्याने कंपाइल करायला लावलं. सोर्स हाताशी असणाऱ्यांना ते परवडतं. भोसरीतल्या त्या वर्कशॉपला नाही. ६४ बिटी एक्स८६वर ३२ बिटी प्रोग्रामांचा आधार तर ६.७ कर्नलपासून बूट करतानाच चालू-बंद ठरवता येतो, त्यासाठी पुन्हा कंपाइल करायची गरज उरलेली नाही. आर्मच्या ओएबीआयला मात्र अजूनही कंपाइल करतानाच काय तो निर्णय घ्यावा लागतो.