हलक्या विमानाचा सर्वोत्तम ग्लाइड वेग : पुस्तिकेतील आकड्यामागची पार्श्वभूमी

सेसना १७२ या विमानाच्या १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धातील 'एन' आवृत्तीच्या पुस्तिकेत इंजिन बंद पडल्यावर तरंगत जास्तीत जास्त अंतर कापण्यासाठी राखायचा वेग, म्हणजे सर्वोत्तम ग्लाइडचा वेग, ६५ नॉट (ताशी सागरी मैल) दिलेला आहे, तर १९९८ मध्ये आलेल्या 'एस' आवृत्तीच्या पुस्तिकेत तोच वेग ६८ नॉट आहे. पंखांची मूळ रचना दोन्हींत सारखीच असल्यामुळे हा फरक प्रथमदर्शनी गोंधळात टाकतो. पण 'एन'चे कमाल वजन २,३०० पौंड आणि 'एस'चे २,५५० पौंड आहे, आणि सर्वोत्तम ग्लाइडचा वेग वजनाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतो. या दोन वजनांच्या गुणोत्तराचे वर्गमूळ काढून ६५ ला गुणले की उत्तर ६८ च्या किंचित वर येते. याच हिशेबाने 'एस' विमानात वैमानिक एकटा असेल आणि एकूण वजन २,००० पौंड भरत असेल, तर योग्य वेग ६० नॉटांच्या आसपास उतरतो. पुस्तिकेतील ठळक आकडा मात्र पूर्ण भरलेल्या विमानाचाच राहतो.

लिफ्ट (विमान वर उचलणारे बल) आणि ड्रॅग (हवेचा अडथळा) यांचा संबंध एकाच वक्रावर दाखवणारे आलेख जर्मनीत १८८९ मध्येच छापले गेले होते, आणि पुढे ग्लायडर उडवणाऱ्यांनी त्याच विचारातून वेग आणि खाली येण्याचा दर यांचा वक्र नित्याच्या वापरात आणला. इंजिनाच्या लहान विमानांकडे हे शास्त्र सावकाश आले. बराच काळ मालकाला मिळणारी पुस्तिका पातळ असे, वेग ताशी मैलांत दिलेले असत, आणि ग्लाइडचा वेग कोठे सापडेल हे त्या त्या कारखान्याच्या रिवाजावर अवलंबून असे.

हे चित्र १९७५ मध्ये बदलले. त्या वर्षी अमेरिकेतील उत्पादकांच्या संघटनेने पुस्तिकेचा एक समान आराखडा ठरवला, आणीबाणीच्या कार्यपद्धतींना त्यात तिसरा विभाग दिला, आणि त्यानंतरच्या मॉडेलांत वेग नॉटांत, तेही वैमानिकाला प्रत्यक्ष तबकडीवर दिसतात तसे, छापले जाऊ लागले. सेसनाच्या त्या काळातील ग्लाइडच्या आलेखावरून १,००० फूट उंची खर्चून सुमारे दीड सागरी मैल अंतर मिळते. आलेखासोबतच्या अटी फारसे कोणी वाचत नाही, पण त्या महत्त्वाच्या आहेत : फ्लॅप (पंखांच्या मागच्या कडेचे खाली वळणारे भाग) वर, वारा शून्य, आणि प्रॉपेलर वाऱ्याने फिरत असलेला.

वेग शोधण्याची चाचणी तत्त्वतः सोपी आहे. विमान एका ठरावीक उंचीवरून दुसऱ्या ठरावीक उंचीपर्यंत स्थिर वेगाने खाली आणायचे, लागलेला वेळ मोजायचा, पुन्हा वर चढायचे आणि पुढचा वेग घ्यायचा. उड्डाणाची नोंद करवतीच्या दात्यांसारखी दिसते. मिळालेले बिंदू जोडून वक्र काढला आणि आरंभबिंदूपासून त्याला स्पर्शिका टाकली, की स्पर्शबिंदूचा वेग हाच सर्वाधिक अंतर देणारा वेग असतो. खरी अडचण या काळात प्रॉपेलर नेमका कोणत्या स्थितीत असावा, ही आहे.

या प्रश्नावर अमेरिकी नियामकाची भूमिका एकसंध राहिली नाही. ग्लाइडचे अंतर आणि वेग निश्चित करण्याची स्वतंत्र सक्ती एक-इंजिनी विमानांच्या नियमांत १९९६ मध्ये, युरोपीय नियमांशी मेळ घालताना आली, आणि त्या कलमात प्रॉपेलर किमान ड्रॅगच्या स्थितीत असावा असे स्पष्ट लिहिले गेले. न वळणाऱ्या पात्यांच्या साध्या प्रॉपेलरच्या बाबतीत या शब्दांचा सरळ अर्थ थांबलेला प्रॉपेलर असाच निघतो, कारण बंद इंजिन फिरवण्यासाठी लागणारी ऊर्जा वाऱ्यातून, म्हणजे अखेर विमानाच्या उंचीतून जाते, आणि थांबलेली पाती सहसा त्यापेक्षा कमी अडथळा करतात. पण प्रॉपेलर थांबवायचा तर नाक वर करून वेग जवळजवळ स्टॉलपर्यंत, म्हणजे पंखांची उचल कोसळते त्या मर्यादेपर्यंत, उतरवावा लागतो. म्हणून नियमाच्या सोबतच्या मार्गदर्शिकेने उलटा पवित्रा घेतला : इंधन तोडल्यावर सर्वोत्तम ग्लाइडच्या वेगाला प्रॉपेलर आपोआप थांबत नसेल, तर तो फिरत आहे असे धरूनच आकडे काढावेत, आणि तो थांबवण्यासाठी विमान स्टॉल करणे ही मान्य पद्धत नाही, कारण सामान्य वैमानिकाचे लक्ष सुरक्षित उतरण्यावरून उडते. व्यवहारात मार्गदर्शिकेचाच शहाणपणा टिकला, हे योग्यच झाले. तरीही कलमाचे शब्द आणि त्याचा अर्थ यांतील ही फट दोन दशके तशीच राहिली. पात्यांचा कोन बदलता येणाऱ्या विमानांत गुंता आणखी वाढतो. तेथे लिव्हर मागे ओढून पाती मोठ्या कोनावर नेली की ड्रॅग कमी होतो, पण बहुतेक एक-इंजिनी विमानांत हे काम तेलाच्या दाबावर चालते, आणि इंजिन तेल गमावून बंद पडले असेल तर तो मार्गच उरत नाही.

१९९० च्या दशकात कॅलिफोर्नियातील एका स्वयंसेवी चाचणी गटाने तिसरी वाट काढली. क्रँकशाफ्टच्या मागेपुढे होणाऱ्या अगदी बारीक हालचालीवरून प्रॉपेलर ना ओढतो ना अडवतो असा क्षण पकडून त्याच स्थितीत ग्लाइड मोजायचे, ही ती पद्धत. विमानाच्या धडाचे आणि पंखांचे खरे गुण त्यातून स्वच्छ दिसतात. बंद इंजिनासह उतरणाऱ्याला मात्र तो आकडा वाजवीपेक्षा आशावादी ठरतो. प्रशिक्षणातही अशीच तफावत आहे. बारामतीच्या धावपट्टीवर असो की फ्लोरिडात, सराव इंजिन बंद करून नव्हे, तर आयडलवर, म्हणजे किमान शक्तीवर चालू ठेवून होतो, आणि आयडलवरचा प्रॉपेलर बंद इंजिनाच्या प्रॉपेलरइतका अडवत नाही.

२०१७ मध्ये लहान विमानांचे अमेरिकी नियम मुळापासून नव्याने लिहिले गेले, तेव्हा किमान ड्रॅगच्या स्थितीचा उल्लेख गळाला आणि प्रणोद (विमान पुढे नेणारा जोर) पूर्णपणे गमावल्यानंतरची ग्लाइड कामगिरी निश्चित करावी, एवढेच उरले. ती कशी मोजावी हे आता उद्योगाच्या संमत मानकांकडे सोपवलेले आहे, आणि जुन्या प्रमाणपत्रावर तयार होणाऱ्या विमानांना ही नवी चौकट आपोआप लागू होत नाही.